बेचाळीस बिघ्यांची वही

चिप्सच्या फॅक्टरीच्या गेटाशी एक मुलगा गॅसची शेगडी आणि कढई मांडून बसलेला असतो. ट्रॉली आली की तो मधल्याच कुठल्यातरी पोत्यात हात घालून पाच-सहा बटाटे काढतो, पातळ काप करतो, तळतो आणि पांढऱ्या ताटलीत पसरून ठेवतो. काप फिकट पिवळे निघाले तर ट्रॉली आत, तपकिरी निघाले तर आल्या रस्त्याने परत. एप्रिल २०१७ मध्ये आमच्या बटाट्याचे काप निघाले ते थेट गुळाच्या रंगाचे. मुलगा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अंकल, ये तो मीठा हो गया."

मी एक काप तोंडात टाकला. खरंच गोडसर होता, वर जरासा कडवट.

चूक माझीच. बटाटा चिप्सच्याच वाणाचा होता आणि फेब्रुवारीत, काढल्या काढल्या नेला असता तर पास झाला असता. पण त्या आठवड्यात भाव उतरला होता, म्हणून मी तो कोल्ड स्टोरेजला टाकला. तिथल्या मुनीमाने विचारलं होतं, कुठल्या चेंबरला? मी म्हटलं, स्वस्त असेल त्या. स्वस्त चेंबर म्हणजे दोन-चार डिग्रीचा, भाजीच्या आणि बियाण्याच्या बटाट्याचा. एवढ्या गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि ती साखर कढईत करपते. चिप्सचा बटाटा दहा-बारा डिग्रीला ठेवतात, मोड येऊ नयेत म्हणून त्याला वेगळं औषध देतात, भाडंही जास्त पडतं. हे सगळं मला गेटावर उभं असताना कळलं. सत्तावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. फिक्स डिपॉझिट टाकावं तसा बटाटा टाकून आलो होतो. त्याने व्याज दिलं, पण साखरेत.

ट्रॉली इंदूरच्या चोइथराम भाजीमंडीत गेली. गोडसर बटाटा भाजीवाल्यालाही नको असतो, त्यामुळे तिथेही मान खाली घालूनच सौदा झाला. रात्री बाबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, "सोयाबीन कधी गोड झालं नाही बुवा."

तो टोमणा माझ्या मनात बराच काळ राहिला, कारण तो एका बटाट्यापुरता नव्हता.

आमचं शेत सांवेर तहसिलीत, बेचाळीस बिघे. राहणं इंदुरातच, लोकमान्यनगरात. पणजोबा होळकर दरबारात कारकून होते, जमीन त्यांनी घेतली. शेताच्या वह्या लिहायची रीतही त्यांचीच. त्यांच्या वह्या मोडीत आहेत आणि घरात आता कुणालाच मोडी वाचता येत नाही, त्यामुळे आमच्या शेताचा इतिहास १९५८ पासून सुरू होतो. त्याआधीचा फडताळात आहे.

१९५८ची वही आजोबांच्या हातची. मी ती नीट वाचली ती २०१४ मध्ये, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर. खरिपाच्या पानावर लिहिलंय: ज्वारी ९ (तूर त्यातच), कपाशी ५, मूग-उडीद ३, तीळ बांधाला, पडीत २५. रब्बीच्या पानावर: गहू १५, हरभरा ९, जवस ४. मी दोन-तीनदा बेरीज केली. भर पावसाळ्यात बेचाळीसपैकी पंचवीस बिघे रिकामे! आमच्या मालव्याच्या मातीबद्दल 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणतात, आणि आजोबा निम्म्याहून जास्त जमीन पडीत ठेवत होते. मला वाटलं माणसं मिळत नसतील.

बाबांना विचारलं तर हसले. काळ्या जमिनीत पावसात पाय घालून बघ म्हणाले. चिखल असा धरतो की बैल गुडघ्यापर्यंत रुततो, निंदणी-खुरपणी होत नाही. म्हणून पाऊस जमिनीत मुरू द्यायचा, उघडीप मिळाली की वखर फिरवून तण मारायचं, आणि दसऱ्यानंतर त्या साठलेल्या ओलीवर पाण्याशिवाय गहू-हरभरा काढायचा. विहीर होती, पण ती घरापुरती आणि थोड्या भाजीपुरती. शेताची खरी विहीर म्हणजे ते पंचवीस बिघे पडीत.

सोयाबीन याच पडीत जमिनीत शिरलं. वहीत ते १९७७ला पहिल्यांदा दिसतं: 'सोयाबीन, काळे, २ बिघे.' शेजारी बारीक अक्षरात शेरा: 'दाणा बरा. घरी शिजत नाही.' आजीने त्याचं वरण करून पाहिलं होतं म्हणे. दोन तास चूल जाळली, तरी दाणा कच्चा आणि वास असा की आत्याने ताटच सरकवलं. मग पिवळं सोयाबीन आलं, इंदुरात आणि आसपास तेलाचे कारखाने उभे राहिले, १९७९मध्ये सोयाबीनवाल्या कारखानदारांची संघटना इथेच स्थापन झाली, १९८७मध्ये खंडवा रोडला सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं. पाऊस पडला की पेरायचं, शंभर दिवसांत कापायचं, मंडीत नेऊन रोख घ्यायची, आणि वर त्याच जमिनीत गहूही घ्यायचा. आजोबांच्या आयुष्यात असं पीक आलं नव्हतं. १९९० च्या वहीत 'पडीत' हा शब्दच नाही. ज्वारीही नाही.

बाबांनी १९९६ला जेएस ३३५ हा वाण आणला. दोन वर्षांपूर्वीच तो प्रसारित झाला होता आणि बाबा त्याच्याबद्दल अजून जावयाबद्दल बोलावं तसे बोलत. बहिणीचं लग्न, घराचा वरचा मजला, धाकट्या भावाचं पुण्यातलं इंजिनिअरिंग, सगळं त्या पिवळ्या दाण्याने केलं. म्हणजे मी ज्याला 'जुनाट सोयाबीन-गहू' म्हणून नाकं मुरडत होतो, ती बाबांच्या पिढीची क्रांती होती. हे मला कळायला फार उशीर लागला, आणि तोवर मी त्यांना पुरेसं दुखावून झालं होतं.

एक मात्र खरं, आणि ते बाबाही मान्य करत. आमच्या घरात आलेलं हे पहिलं पीक, ज्यातला, आजीचं ते वरण सोडलं तर, एक दाणा स्वयंपाकघरात गेला नाही. ज्वारी गेली तेव्हा कडबा गेला. कडबा गेला तेव्हा बैलांना घालायचं काय हा प्रश्न आला, तेवढ्यात ट्रॅक्टर आला आणि १९९४ला शेवटची जोडी विकली. बैल गेले तसं शेण गेलं, आणि जमीन हळूहळू पोत्यातल्या खतावर चालायला लागली. गंमत अशी की ज्या शहरात आम्ही राहतो त्या शहराच्या नावाने जगभर कंपोस्ट खताची पद्धत ओळखली जाते. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते, पिकांच्या काडीकचऱ्यात शेण-मूत आणि माती कालवून, ढीग ठरलेल्या वेळी उलटून, तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी इथेच बसवली. १९३५मध्ये गांधीजी ती पाहायला आले होते. आणि आम्ही, पंचवीस-तीस किलोमीटरवर, सोयाबीनचं काड बांधावर रचून काडी लावत होतो.

आता माझ्याकडे येतो. २०१४ला मी शेतावर नियमित जायला लागलो तेव्हा दोन गोष्टी बिघडलेल्या होत्या. ट्यूबवेल सहाशे फुटांवर खडखडत होती, आणि सोयाबीन बिघ्याला दीड-दोन क्विंटलच्या पुढे सरकत नव्हतं. २०१५मध्ये पिवळा मोझॅक रोग आला. पांढऱ्या माशीने तो पसरवला आणि आठ दिवसांत शेत असं पिवळं झालं की रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, पीक पिकलं. शेंगांत दाणाच नव्हता. त्या वर्षी गावभर एकच वाण होता, त्यामुळे एकाचं गेलं ते सगळ्यांचं गेलं. भाऊ पुण्याहून म्हणाला, "दादा, कॉलनीवाले बिल्डर जमिनीला भाव देतायत तोवर काढून टाक." मी नाही म्हटलं, पुढे काय करणार हे मात्र मला सांगता आलं नाही.

खंडवा रोडच्या केंद्रावर दोन-तीन फेऱ्या केल्या. तिथे कुणी मला बटाटा लाव, लसूण लाव असं सांगितलं नाही. एक सोपी गोष्ट सांगितली: सगळीकडे एकच वाण पेरू नका, आणि लवकर येणारा वाण थोडा तरी घ्या. जेएस ९५-६० पंच्याऐंशी-नव्वद दिवसांत येतो, जेएस ३३५ला त्याहून आठ-दहा दिवस जास्त. आठ-दहा दिवसांनी काय होतं? सगळं होतं. जूनच्या शेवटी पेरलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या वीस-बावीसला उतरलं की ऑक्टोबरच्या मध्याला बटाटा लावायला जमीन तयार होते. बटाटा फेब्रुवारीत निघाला की त्यावर उन्हाळी मूग येतो. सोयाबीनच दहा दिवस उशिरा आलं तर काहीच बसत नाही. पिकं वाढवायची म्हणजे वेळापत्रकात दिवस शोधायचे, हे मला बँकेत असताना कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पण बटाट्याला पाणी लागतं, आणि पाणी तर नव्हतंच. शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६च्या सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना ट्यूबवेलच्या कर्जातून बाहेर काढून शेततळी खोदायला लावली होती. टोंकखुर्दकडे मी ते तलाव बघून आलो. आपल्याच जमिनीचा एक तुकडा पाण्याला द्यायचा आणि उरलेल्या जमिनीला दोन पिकं द्यायची, एवढाच हिशेब. बाबांना सांगितला तर ते ताडकन उठले. "जमीन बुडवतोस? तुझ्या पणजोबांनी एक-एक बिघा जोडला, तू दीड बिघा पाण्यात घालणार?" मी म्हटलं, आजोबा पंचवीस पडीत ठेवत होते, मी दीड ठेवतोय. त्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत.

तलाव खोदला २०१६च्या उन्हाळ्यात. वरची काळी माती सहा-सात फूट, तिच्यात पाणी छान थांबतं. पोकलेनवाल्याने मात्र जोशात खाली मुरुमापर्यंत खोदलं. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, सगळं गाव बघायला आलं, बाबांनी नारळ फोडला, आणि दिवाळीपर्यंत तळ उघडा पडला. सगळं पाणी मुरुमातून उतरलं होतं. फायदा शेजाऱ्यांना झाला. त्यांच्या विहिरीला त्या वर्षी मार्चपर्यंत पाणी होतं आणि त्यांनी आमच्याकडे पेढे पाठवले. बाबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, चला, कुणाला तरी पाणी लागलं. पहिला बटाटा त्याच शेजाऱ्यांकडून पाणी विकत घेऊन काढला. पुढच्या वर्षी तळ्याला प्लास्टिक अंथरलं, तेव्हापासून पाणी टिकतं.

त्याच पहिल्या बटाट्याची गत वर सांगितली. त्याच्या जोडीला आमचा कांदाही होता, आणि जून २०१७ मध्ये कांद्याचं काय झालं ते मध्य प्रदेशात कुणाला सांगायला नको. मंडीत भाव एक-दोन रुपयांवर आला, ठिकठिकाणी आंदोलन पेटलं, मंदसौरला ६ जूनला गोळीबारात शेतकरी गेले. सरकारने आठ रुपये किलोने कांदा घ्यायला सुरुवात केली आणि ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या. आमची ट्रॉली दोन रात्री रांगेत होती. वरून पाऊस. ताडपत्रीखालचा कांदा वाफाळून मोड काढायला लागला होता. रांगेत माझ्यापुढे महूकडचे एक म्हातारे शेतकरी होते, त्यांनी मला विचारलं, "भाऊ, नोकरी छोड़ के आए हो ना?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ट्रॉलीपेक्षा स्वतःचीच दया आली.

पुढचं वर्ष लसणाचं. ऊटी लसूण, मोठ्या कळीचा, आठ बिघे. लसणाला लावणीपासून माणसं लागतात. एकेक कळी हाताने खोचायची असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी, लसणाची लावणी आणि बटाट्याची लावणी एकाच पंधरवड्यात आली, आणि झाबुआ-अलीराजपूरकडून येणारी मजूर कुटुंबं त्याच दिवसांत निमाडात कपाशी वेचायलाही हवी असतात. कशीबशी लावणी झाली. काढणी आली फेब्रुवारीच्या शेवटी, आणि एका सकाळी शेतावर गेलो तर झोपड्या रिकाम्या. भगोरिया! होळीच्या आधीचा आठवडा; त्या बाजाराला आदिवासी माणूस जाणार म्हणजे जाणारच. आपण दिवाळीत बँक उघडी ठेवतो का? मला ते आधी कळायला हवं होतं. लसूण आठ दिवस जमिनीत राहिला, गड्डे फुटले. अडत्याने माल बघून 'लड्डू' (मोठा गड्डा) थोडा, 'छर्री' (बारीक माल) फार असं सांगितलं आणि भाव असा निघाला की गोणी, हम्माली आणि भाडं वजा जाता काय उरलं ते मी वहीत लिहिलेलं नाही. वहीतलं ते एकच रिकामं पान माझ्या हातचं आहे.

त्या उन्हाळ्यात, २०१८ मध्ये, मी आणि पटेल गच्चीवर बसलो. पटेल म्हणजे आमचे वाटेकरी, चौथीपर्यंत शिकलेले, बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान. मी कागदावर पिकं लिहित होतो, किती वाढली ते मोजत होतो. सोयाबीन, गहू, बटाटा, कांदा, लसूण: दोनाची पाच झाली होती आणि तोटाही तसाच वाढला होता. पटेलांनी कागद घेतला आणि बटाटा, कांदा, लसूण या तिघांभोवती पेनने एकच गोल केला. "ये तीनों तो एक ही मंडी में पिटते हैं, भाऊ."

मी पिकं तीन केली होती, पण बाजार एकच, अडत्या एकच, हंगाम एकच, आणि भाव पडायचे आठवडेही जवळपास तेच. एका गाडीला तीन बैल जोडले म्हणून तीन गाड्या होत नाहीत. त्या दिवसापासून पिकांची यादी करायची सोडली आणि महिन्यांची केली. कुठल्या महिन्यात पैसा येतो, कुठल्या महिन्यात माणूस लागतो, कुठल्या महिन्यात पाणी, आणि माल कुणाच्या हातात जातो. या चार रकान्यांत जे बसेल ते पीक.

कांदा गेला. लसूण दोन बिघ्यांवर आला, घरच्या माणसांना उरकेल एवढाच. बटाटा ठेवला, पण सहा बिघे, आणि काढला की थेट गेटवर. कोल्ड स्टोरेजचं नाव नाही. काढणीआधी बारा-पंधरा दिवस पाला कापून टाकायचा, म्हणजे साल पक्की होते, हेही आता सांगावं लागत नाही.

हरभऱ्यात डॉलर, म्हणजे मोठ्या दाण्याचा काबुली, आणला. दोन पाण्यांत येतो, माणसं फार लागत नाहीत, आणि तो धान्यमंडीत जातो, भाजीमंडीत नाही. डॉलरचा भाव 'काउंट'वर ठरतो, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅममध्ये किती दाणे बसतात त्यावर. बेचाळीस-चव्वेचाळीस काउंट निघाला की व्यापारी हात मिळवतो, साठच्या आसपास गेला की तोच माणूस फोनवर बोलायला लागतो. मर रोगाची भीती असते, म्हणून एकाच तुकड्यात लागोपाठ घेत नाही.

गहू मात्र मंडीतूनच बाहेर काढला, आणि हे श्रेय माझ्या बायकोचं. एप्रिल-मेमध्ये इंदुरात अजूनही पुष्कळ घरं वर्षाचा गहू एकदम भरतात. तिच्या भिशीतल्या बायका दरवर्षी चांगला गहू कुठे मिळेल म्हणून हिंडत. तिने सहज विचारलं, आपला का नाही? पहिल्या वर्षी अकरा घरं झाली. आता पोळीसाठी पूर्णा आणि बाफल्या-दलियासाठी पोषण असे दोन वाण वेगवेगळे पेरतो, चाळणी मारून पन्नास किलोच्या गोण्या पोचवतो, आणि मागितलं तर एरंडेल लावूनही देतो. भाव मंडीपेक्षा बरा मिळतो, पण तक्रारीही घरपोच येतात. एका काकूंनी गेल्या वर्षी पोळी फुगत नाही म्हणून भर दुपारी तवा दाखवायला बोलावलं होतं.

चार बिघ्यांत थाई जाम लावले. पुण्याच्या भावजयीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी जॅमचा कारखाना काढतोय. आमच्याकडे पेरूला जामच म्हणतात, काय करणार. फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी आणि वरून पिशवी घालायची, नाहीतर फळमाशी सोडत नाही. पिशव्या घालायचं काम गावातल्या बायका बसून-बोलून करतात आणि ते ऑगस्टपासून थोडं थोडं चालतं, एका पंधरवड्यात अंगावर येत नाही. पैसा नोव्हेंबरपासून.

आणि अर्धा बिघा गराडू. ही माझी हौस. गराडू कोनफळाच्या कुळातला कंद; हिवाळ्यात सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तो तळून, मसाला-लिंबू मारून खाल्ला नाही तर इंदूरकराची थंडी सुरू होत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस तुकडे लावायचे, वेलाला काट्या द्यायच्या, थंडीत खणायचे. खणताना घाई केली की लांबट कंद मोडतो आणि मोडक्याला निम्मा भाव. कच्चा कापताना हाताला अशी खाज सुटते की तेल चोळल्याशिवाय पटेल कुणाला हात लावू देत नाहीत. सराफ्यातला एक गराडूवाला माझा सगळा माल घेतो. बेचाळीस बिघ्यांतला हा एकच सौदा असा आहे, जो मी उभ्याने, एक प्लेट खात करतो.

जुन्या वहीचा मोह मात्र सुटला नव्हता. २०१८च्याच खरिपात मी दोन बिघे ज्वारी पेरली, आजोबांसारखी. कडबा होईल, गाय घेऊ, शेण येईल, हॉवर्डसाहेबांचं खत करू, असं सगळं मनात. ज्वारी आलीही सुंदर. पण आमच्या पंचक्रोशीत त्या वर्षी ज्वारीचं शेत ते एकच. दाणा भरायला लागला आणि कुठून कुठून पाखरं आली, पोपट, चिमण्या, सगळे. पत्र्याचे डबे वाजवले, फिती बांधल्या, गोफण फिरवली. कणसं पोकळ झाली. १९५८मध्ये गावभर ज्वारी होती, तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत वाटला जायचा. आता सगळ्या गावाचा वाटा आमच्याकडून वसूल झाला. बाबा तेव्हा आजारी होते, खुर्चीत बसून त्यांनी ते सगळं ऐकलं आणि खूप दिवसांनी मोकळेपणी हसले. मग म्हणाले, "अरे, आजोबांची सगळी पिकं खायला होती. तेल हवं म्हणून तीळ, डाळ हवी म्हणून तूर, अंगाला हवी म्हणून कपाशी. दुकान नव्हतं म्हणून. तुझी विकायला आहेत. त्याची नक्कल करू नकोस." कडबा मात्र झाला. दोन गायी आहेत आता, सोयाबीनचं काड जाळत नाही, खड्ड्यात जातं.

बाबा २०१९च्या पावसाळ्यात गेले. त्या वर्षी पाऊस थांबायला तयार नव्हता आणि कापणीला आलेलं सोयाबीन शेतात कुजलं. मला वाटतं ते त्यांनी पाहिलं नाही हे बरं झालं. पण २०२१चा ऑगस्ट त्यांनी पाहायला हवा होता. इंदूरच्या मंडीत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं! मी त्यावेळी ते अर्ध्यावर आणलेलं. गावातले लोक मला बघून हसत होते, त्यांच्याही कोठीत तेव्हा दाणा नव्हता ही गोष्ट वेगळी. त्याच महिन्यात सरकारने बाहेरून सोयापेंड आणायला परवानगी दिली, आणि आमचं पीक मंडीत पोचेपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. २०२४मध्ये तर हमीभाव ४,८९२ असताना मंडीत चार हजारांच्या आसपास रडत होता. पण त्याच २०२४च्या सुरुवातीला लसूण सोन्याच्या भावाने गेला, शहरात चारशे रुपये किलो. आमच्याकडे दोन बिघे. पटेलांनी त्या दोन बिघ्यांना रात्रीचा पहारा ठेवला होता, आणि रोज सकाळी माझ्याकडे बघून उसासा टाकत: आठ असते तर! मीही टाकला. आठचे दोन मीच केले होते, कागदावर गोल काढून.

खरिपात सोयाबीन अजूनही बावीस बिघे आहे, तीन वाणांत वाटलेलं. त्याला हाकलायचा विचार मी कधीच सोडला. रब्बीत सगळ्यात मोठा तुकडा गव्हाचा, मग डॉलरचा दहा बिघे. भाऊ मधे मधे कॉलनीवाल्यांचा भाव कळवतो. तो मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, तारखेसकट.

सध्या त्रास आहे तो घोडारोजांचा, म्हणजे नीलगायींचा. डॉलर घाटे धरायच्या बेतात आहे आणि कळपच्या कळप रात्री बारानंतर नाल्याच्या बाजूने उतरतात. खातात थोडं, तुडवतात जास्त. त्या बाजूला जाळी मारायची तर गव्हाचा पैसा यायला हवा, आणि तो एप्रिलात. तोवर मचाण बांधलं आहे. पटेलांचा मुलगा आणि मी एक दिवसाआड जागतो. आज माझी पाळी आहे, आणि बॅटरीचे सेल आणायचे राहिलेत.